ठरल्या वेळेआधी उगवणारे उपग्रह

२ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याचा दिवस. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भात आणि मध्य प्रदेशात लोकांनी आकाशातून जळत जाणाऱ्या तुकड्यांची एक रांग पाहिली. मोबाइलवर लगेच व्हिडिओ फिरले. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, तीनेक मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलेलं सापडलं. पुढच्या दिवसांत आसपासच्या शिवारांत गोल टाक्याही मिळाल्या. अवकाशात फिरणाऱ्या वस्तूंचा हिशोब ठेवणाऱ्या अभ्यासकांच्या मते तो चीनच्या चांग झेंग ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा असावा. रॉकेट उडालं होतं फेब्रुवारी २०२१ मध्ये.

म्हणजे वर जाऊन चौदा महिने झाले होते. या चौदा महिन्यांत त्या टप्प्याला कुणी ढकललं नाही, त्याचं इंजिन कुणी लावलं नाही. मग तो खाली आला कसा? उत्तर एका शब्दाचं आहे: हवेमुळे. ‘अवकाशात हवा नसते’ असं आपण शाळेत शिकतो. ते जवळजवळ खरं आहे. हा लेख त्या ‘जवळजवळ’बद्दल आहे.

आधी किती हवा ते पाहू. समुद्रसपाटीवरची एक किलोमीटर लांब, रुंद आणि उंच अशी हवेची पेटी घेतली, तर तिचं वजन सुमारे बारा लाख टन भरेल. तीच पेटी ४०० किलोमीटर उंचीवर भरली, तर आतली हवा जेमतेम काही ग्रॅम. चहात टाकायच्या चमचाभर साखरेएवढी. प्रयोगशाळेत चांगली निर्वात पोकळी म्हणून खपेल अशी ही जागा आहे. पण उपग्रह त्या पोकळीतून सेकंदाला पावणेआठ किलोमीटर वेगाने जात असतो, आणि तो दिवसरात्र थांबत नाही. एवढ्या वेगाने विरळ हवाही समोरून आपटते, आणि तिचा तो नगण्य रोध दिवसेंदिवस साठत जातो.

आता एक गंमत. हवा अडवते म्हणजे उपग्रहाचा वेग कमी होणार, असं कुणालाही वाटेल. होतं उलटं. ४०० किलोमीटरवरचा उपग्रह सेकंदाला ७.६७ किलोमीटर जातो, आणि घसरत २०० किलोमीटरवर आला की ७.७८. हवेने अडवून अडवून त्याला जास्त वेगवान केलं! हिशोब असा आहे: हवेच्या रोधाने ऊर्जेचा एक रुपया काढून घेतला, की उपग्रह थोडा खाली येतो. खाली येताना गुरुत्वाकर्षण त्याला दोन रुपये देतं. एक गेला, दोन आले, वेगाच्या खात्यात एक शिल्लक. एकूण संपत्ती मात्र कमीच होत असते, कारण उंची हीसुद्धा संपत्तीच होती आणि ती खर्च झाली. घर विकून खिशात पैसे खुळखुळवणाऱ्या माणसासारखं आहे हे.

वेग वाढतो आणि वर्तुळही लहान होतं, म्हणून फेरी लवकर पूर्ण होते. सगळी मेख इथे आहे. ४०० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह एक किलोमीटर खाली उतरला, तर त्याची साडेब्याण्णव मिनिटांची फेरी सव्वा सेकंदाने कमी होते. सव्वा सेकंद म्हणजे काहीच नाही. पण दिवसात साडेपंधरा फेऱ्या होतात. म्हणजे दुसऱ्या दिवशी तो ठरलेल्या वेळेच्या एकोणीस सेकंद आधी उगवतो, आणि एकोणीस सेकंदांत तो जवळजवळ दीडशे किलोमीटर पुढे गेलेला असतो. एका किलोमीटरची घसरण चोवीस तासांत दीडशे किलोमीटरच्या चुकीएवढी फुगते! शंभर मीटर खाली आला तरी दोन सेकंद लवकर. दुर्बीण, स्टॉपवॉच आणि ताऱ्यांचा नकाशा एवढ्या सामग्रीवर गच्चीत उभा असलेला माणूसही दोन सेकंदांचा फरक पकडू शकतो.

म्हणून वरची हवा मोजायला वर काही पाठवावंच लागतं असं नाही. वर फिरणारी कुठलीही वस्तू किती लवकर आली, एवढं नीट टिपलं तरी पुरतं.

हे पहिल्यांदा लक्षात आलं ते स्पुटनिकच्या वेळी. ४ ऑक्टोबर १९५७ ला सोव्हिएत संघाने ५८ सेंटिमीटर व्यासाचा, ८३.६ किलोचा तो गोळा सोडला. जगाने त्याची ‘बीप-बीप’ ऐकली आणि राजकारणाची धांदल उडाली. पण काही थोड्या लोकांना त्या आवाजापेक्षा फेरीच्या वेळात रस होता. गोळ्याबरोबर त्याच्या रॉकेटचा मोठा टप्पाही कक्षेत फिरत होता. तो आकाराने मोठा, म्हणून हवेला जास्त अडायचा. तो १ डिसेंबरलाच पडला. गोळा ४ जानेवारी १९५८ ला पडला. इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये डेस्मंड किंग-हील आणि त्यांचे सहकारी या फेऱ्यांचे आकडे घेऊन बसले, आणि त्यांना दिसलं की दोनशे किलोमीटरच्या पुढची हवा तोवरच्या अंदाजांपेक्षा कित्येक पट दाट आहे. त्याआधी इतक्या वरच्या हवेबद्दलची माहिती काही मिनिटं वर जाऊन परत पडणाऱ्या रॉकेटांवरून आणि बऱ्याच तर्कांवरून गोळा केलेली होती. किंग-हील यांनी पुढची कित्येक दशकं हेच काम केलं. उपग्रह सोडणाऱ्यांची नावं आपल्याला पाठ असतात. दुसऱ्यांचे उपग्रह पडताना पाहून विज्ञान उभं करणारा हा माणूस मला जास्त आवडतो.

आकडे काढण्यात एक अडचण असते. हवेचा रोध हवेच्या घनतेवर अवलंबून असतो, तसाच उपग्रहाच्या आकारावर आणि वजनावरही. एकाच वाऱ्यात पतंग उडतो आणि दगड उडत नाही. कोलांट्या खात जाणारं रॉकेट कधी टोकाकडून हवेला भिडतं, कधी आडवं. तिथे हिशोबाला सरासरी धरावी लागते. गोल वस्तू यासाठी उत्तम, कारण ती कुठूनही पाहिली तरी तेवढीच. म्हणून पुढे मुद्दाम फुगे पाठवले गेले. १९६१ चा एक्स्प्लोरर ९ हा सुमारे ३.६६ मीटर व्यासाचा आणि वजनाने अगदी हलका फुगा होता. हवेच्या धक्क्याला बळी पडणं, एवढंच त्याचं काम.

कक्षा लांबट असेल तर आणखी एक फायदा मिळतो. चंद्रपुरात पडलेल्या टप्प्यासारख्या रॉकेटांची कक्षा अशीच लांबट असते: खालचं टोक दोनेकशे किलोमीटरवर, वरचं टोक सुरुवातीला हजारो किलोमीटर दूर. नागपंचमीचा झोका आठवा. झोका सर्वांत खाली आला की दर वेळी पाय जमिनीला जरासा घासायचा. खालची जागा तीच राहते, पण झोका वर जायचा कमी होतो. उपग्रहाचंही तसंच. खालच्या टोकाला, म्हणजे उपभू बिंदूला, तो थोडा वेळ हवेत घासून जातो आणि त्यामुळे वरचं टोक, अपभू, फेरीगणिक खाली येतं. कक्षा हळूहळू गोल होते, आणि एकदा गोल झाली की संपूर्ण फेरीच हवेतून. मग शेवट जवळ आला. अभ्यासकाच्या दृष्टीने सोय अशी, की रोध जवळजवळ सगळा उपभूपाशी लागलेला असतो. म्हणजे मोजलेली घनता नेमकी कुठल्या उंचीची आणि कुठल्या जागेची, ते सांगता येतं.

हे सगळं टिपायला नोंदी लागतात, आणि भरपूर लागतात. १९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष होतं, म्हणजे अनेक देशांनी मिळून पृथ्वीचा अभ्यास करायचं वर्ष. अमेरिकेच्या स्मिथसोनियन वेधशाळेने उपग्रहांचे फोटो काढण्यासाठी जगभर बारा बेकर-नन कॅमेरे बसवले. त्यांतला एक आपल्या नैनितालला होता. जोडीला ‘मूनवॉच’ नावाची हौशी लोकांची फौज. संध्याकाळी रांगेत दुर्बिणी लावून बसायचं आणि ठिपका रेषा ओलांडताना वेळ टिपायची. संध्याकाळच का? खाली अंधार आणि वर अजून ऊन असतं तेव्हाच उपग्रह चमकतो, म्हणून.

या फोटोंचा ढीग स्मिथसोनियनमध्ये लुइजी याकिया यांच्याकडे जायचा. मूळचे त्रिएस्तेचे. त्यांचं आधीचं काम रूपविकारी ताऱ्यांवर, म्हणजे ज्यांचं तेज कमीजास्त होतं अशा ताऱ्यांवर. ही नजर इथे कामाला आली. त्यांनी पाहिलं की उपग्रहांची घसरण एकसारखी नसते, तिला ठेका आहे. कधी वाढते, कधी मंदावते, आणि हा ठेका साधारण सत्तावीस दिवसांचा आहे. पृथ्वीवरून पाहिलं तर सूर्य स्वतःभोवती फिरायला साधारण सत्तावीस दिवस घेतो. सूर्याचा सक्रिय भाग आपल्या समोर आला, की वरची हवा दाट. तो पलीकडे गेला, की विरळ. शिवाय दिवसाही फरक: जिथे दुपारचे दोनच्या आसपास वाजलेले असतील त्या बाजूला वरच्या वातावरणाला फुगवटा येतो. खाली जमिनीवरही दुपारचा सगळ्यात कडक उकाडा बारानंतर तास-दोन तासांनीच येतो, हे सांगायला नको.

हवा दाट होते म्हणजे नवी हवा येते का? नाही. दूध तापवताना पाहा. पातेल्यातलं दूध तेवढंच असतं, पण उकळी आली की वर चढतं. काठाला बोट लावून बसलात तर आधी कोरडं आणि मग एकदम ओलं (आणि भाजलेलं). सूर्याचे अतिनील किरण वरच्या थरात, थर्मोस्फिअरमध्ये, शोषले जातात. तिथलं तापमान सूर्याच्या मर्जीप्रमाणे पाचशे अंशांपासून हजाराच्या पुढेही जातं. थर फुगतो आणि खालची त्यामानाने दाट हवा वर सरकते. उपग्रह आपल्या उंचीवरच असतो, हवाच त्याच्यापर्यंत चढून येते.

सूर्याचा अकरा वर्षांचा डागांचा फेरा असतो, हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. तो फेरा आपल्याकडच्या एका पिढीच्या लक्षात राहिला तो स्कायलॅबमुळे. अमेरिकेचं ७७ टनांचं हे अवकाशस्थानक १९७३ च्या मे महिन्यात गेलं. शेवटचे अंतराळवीर फेब्रुवारी १९७४ मध्ये ते सोडून आले. ते १९८३ च्या सुमारापर्यंत टिकेल आणि तोवर नवी स्पेस शटल जाऊन त्याला वर ढकलेल, असा बेत होता. शटलला उशीर झाला, आणि सूर्याने अंदाजापेक्षा जास्त जोर धरला. हवा फुगली. १९७९ च्या जुलैत ‘स्कायलॅब पडणार’ ही धास्ती भारतभर पसरली, कारण त्याच्या कक्षेखाली आपण होतो आणि ते कुठे पडेल हे कुणी सांगू शकत नव्हतं. ११ जुलैला, आपल्या घड्याळात रात्री दहाच्या सुमारास, ते हिंदी महासागर आणि पश्चिम ऑस्ट्रेलियावर फुटून पडलं. तिथल्या एस्परन्स गावच्या स्थानिक मंडळाने नासाला कचरा केल्याबद्दल ४०० डॉलर दंड ठोकला!

जागा आधी का सांगता येत नाही, तेही आता समजेल. पडायला उरलेल्या वेळाच्या दहा-वीस टक्के चूक आजही गृहीत धरतात. एक दिवस उरला असेल तर चूक काही तासांची. काही तासांत पृथ्वीच्या दोन-तीन फेऱ्या. म्हणजे पुणे, पॅसिफिक की पेरू, काहीही. उद्याची वरची हवा किती फुगेल हे ठाऊक नसतं, आणि एक सेकंद चुकला की जागा पावणेआठ किलोमीटरने चुकते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये हा धडा पुन्हा मिळाला. ३ तारखेला स्पेसएक्सने ४९ स्टारलिंक उपग्रह सोडले. सुरुवातीला त्यांची कक्षा खालच्या टोकाला फक्त २१० किलोमीटरवर होती. दुसऱ्याच दिवशी भूचुंबकीय वादळ (सूर्याकडून आलेल्या झोताने पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ढवळतं आणि वरची हवा तापते, ते) झालं, तेही काही भयंकर नव्हे. वरच्या हवेचा रोध आधीच्या उड्डाणांपेक्षा पन्नास टक्क्यांपर्यंत वाढला. उपग्रहांनी हवेला कमीत कमी अंग लागावं म्हणून आडवं होऊन पाहिलं, पण त्यांतले जवळजवळ चाळीस परत चढूच शकले नाहीत.

वरच्या हवेत आहे तरी काय? इथेही घसरणच साक्षीला आली. १९६० च्या ऑगस्टमध्ये एको १ नावाचा तीस मीटर व्यासाचा चकचकीत फुगा सुमारे १६०० किलोमीटर उंचीवर गेला. एवढ्या वर त्याला जो रोध लागत होता, तो ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या तोवरच्या हिशोबात बसेना. बेल्जियमचे मार्सेल निकोले यांनी १९६१ मध्ये म्हटलं, मधल्या पट्ट्यात हेलियम असणार. पुढे ते खरं ठरलं. हा तोच हेलियम, ज्याची कहाणी १८ ऑगस्ट १८६८ च्या भारतातून दिसलेल्या ग्रहणाशी जोडलेली आहे आणि ज्याचा दिवस विजयदुर्गावर साजरा होतो. ग्रहणाच्या वेळी तो सूर्यात दिसला होता, आणि ९३ वर्षांनी एका फुग्याच्या घसरणीतून आपल्याच डोक्यावर सापडला.

एकोने आणखी एक गोष्ट ढळढळीत दाखवली: सूर्यप्रकाश ढकलतो. प्रकाशाचा दाब अगदी सूक्ष्म असतो, पण फुगा मोठा आणि वजनाला नगण्य. जहाजाच्या शिडासारखा तो प्रकाशाच्या झोताने हलायचा. म्हणजे आता कक्षा हलवणारे दोन धनी झाले, हवा आणि प्रकाश. तिसरा तर या दोघांच्याही आधीपासून ठाण मांडून बसलेला होता. तो म्हणजे पृथ्वीचं स्वतःचं वेडंवाकडं गुरुत्वाकर्षण.

हे समजायला थोडं मागे, हिंगणघाटला जाऊ. वर्धा जिल्ह्यातल्या या गावी विल्यम लॅम्टन या इंग्रज सर्वेक्षकाची कबर आहे. १८०२ मध्ये मद्रासजवळून निघून, थिओडोलाइट हे कोन मोजायचं जड यंत्र ओढत, साखळ्यांनी जमीन मोजत तो उत्तरेकडे येत होता. १८२३ च्या जानेवारीत हिंगणघाटला वारला. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने ते काम हिमालयाच्या पायथ्याशी नेलं. एवढा खटाटोप नकाशासाठी होताच, पण मूळ प्रश्न पृथ्वीच्या आकाराचा होता. पृथ्वी ध्रुवांशी किती चपटी आहे? एव्हरेस्टच्या १८३० च्या आकड्यांप्रमाणे चपटेपणा ३०० भागांत एकाहून किंचित कमी. विसाव्या शतकात इतर देशांच्या मोजणीतून २९७ भागांत एक हा आकडा रूढ झाला. मधे दीडशे वर्षं गेली, किती माणसं तापाने मेली असतील याचा हिशोब नाही.

उपग्रहांनी तोच प्रश्न काही महिन्यांत सोडवला. पृथ्वीच्या मध्यावर, विषुववृत्ताभोवती, जादा वस्तुमानाचा पट्टा आहे. तिरक्या कक्षेत जाणाऱ्या उपग्रहाला हा पट्टा सतत आपल्याकडे ओढतो. कक्षा मग विषुववृत्तावर आडवी पडायला हवी, नाही का? पण फिरता भोवरा कलला की पडत नाही, त्याचा दांडा गोल गोल डोलतो. कक्षेचंही तेच होतं. तिचा कल बदलत नाही, पण तिचं अख्खं प्रतल पृथ्वीभोवती सरकत जातं. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाची कक्षा रोज सुमारे पाच अंश पश्चिमेकडे सरकते. आपले रिसोर्ससॅट, कार्टोसॅटसारखे उपग्रह दर वेळी त्याच स्थानिक वेळेला डोक्यावर येतात, तेही याच फुगवट्याच्या कृपेने.

आता लक्षात घ्या, हवेचा रोध प्रामुख्याने घड्याळ बदलतो, उपग्रह लवकर येतो. फुगवटा प्रतल फिरवतो, उपग्रह दुसऱ्या ठिकाणाहून जातो. एकाच्या नोंदी दुसऱ्यापासून वेगळ्या करता येतात त्या यामुळे. स्पुटनिक २ च्या कक्षेचं सरकणं मोजून किंग-हील आणि रॉबर्ट मर्सन यांनी १९५८ मध्येच दाखवलं की चपटेपणा २९७ नव्हे, २९८ भागांत एकच्या जवळ आहे. आजचा आकडा २९८.२५७. फरक जमिनीवर मांडला तर ऐंशी-नव्वद मीटरचा. विषुववृत्त आणि ध्रुव यांच्या त्रिज्यांतल्या २१ किलोमीटरच्या अंतरात ही दुरुस्ती!

त्यानंतर व्हॅनगार्ड १ आला. १७ मार्च १९५८ ला गेलेला हा अमेरिकी उपग्रह दीड किलोचा, पपनसाएवढा. सोव्हिएत नेते क्रुश्चेव्ह यांनी त्याची फळावरूनच टिंगल केली होती. हा उपग्रह अजूनही वर आहे. त्याच्या कक्षेचा लांबटपणा दर ऐंशी दिवसांच्या आसपास थोडा वाढायचा, थोडा घटायचा. त्याचा उपभू बिंदू फिरत फिरत उत्तर गोलार्धातून दक्षिण गोलार्धात जाऊन परत येतो, त्यालाही एवढाच वेळ लागतो. जॉन ओकीफ आणि त्यांचे सहकारी अ‍ॅन एकल्स व केनेथ स्क्वायर्स यांनी १९५९ मध्ये अर्थ लावला: उत्तरेची आणि दक्षिणेची पृथ्वी सारखी नाही. उत्तर ध्रुव जरा वर निघालेला, दक्षिण ध्रुव जरा आत गेलेला. वर्तमानपत्रांनी ‘पृथ्वी नासपतीच्या आकाराची’ असे मथळे दिले. दोन्ही ध्रुवांच्या समुद्रपातळीतला हा फरक चाळीसेक मीटरचा आहे. असली नासपती बाजारात कुणी नासपती म्हणून घेणार नाही, पण पृथ्वीच्या पोटातलं दगडाचं वाटप सारखं नाही हे त्यातून सिद्ध झालं.

त्या वाटपाचं सगळ्यात ठळक उदाहरण आपल्या दाराशी आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात गुरुत्वाकर्षणाचा एक मोठा खड्डा आहे. तिथे समुद्राची सरासरी पातळी, पृथ्वीचा गुळगुळीत आकार धरला तर, सुमारे १०६ मीटर खाली असते. जहाजातून जाणाऱ्याला काही कळत नाही, कारण पाण्याची ‘सपाटी’च तशी आहे. २०२३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या देबांजन पाल आणि आत्रेयी घोष यांनी त्याचं कारण म्हणून आफ्रिकेखालून वर येणाऱ्या तप्त, हलक्या दगडाकडे बोट दाखवलं.

पुढच्या उपग्रहांना घसरण नकोच होती. गुरुत्वाकर्षण बारकाईने मोजायचं तर खाली उडावं लागतं, आणि खाली हवा. ग्रेस मोहिमेचे दोन उपग्रह १७ मार्च २००२ ला गेले. (व्हॅनगार्डचीच तारीख. पुढे १७ मार्च २००९ ला गोचे नावाचा उपग्रह गेला. गुरुत्वाकर्षणाचा हा जणू मुहूर्त.) ग्रेसचे दोघे साधारण २२० किलोमीटरच्या अंतराने एकामागे एक जायचे. पुढे जास्त वस्तुमानाचा प्रदेश आला की पहिला आधी ओढला जाई, अंतर वाढे, मग दुसरा. हे अंतर केसाच्या जाडीपेक्षा बारीक, मायक्रॉनच्या अचूकतेने मोजलं जाई. हवेचा धक्का मोजायला प्रत्येकात वेगळा त्वरणमापक. गुरुत्वाकर्षणवाले तो धक्का वजा करून फेकून देत, आणि वरच्या हवेचा अभ्यास करणारे तोच उचलून नेत. एकाच्या अंगणातला कचरा, दुसऱ्याच्या शेतातलं खत.

ग्रेसने आपल्याबद्दल जे सांगितलं ते मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात राजस्थान, पंजाब, हरियाणा आणि दिल्लीच्या जमिनीखालचं १०९ घन किलोमीटर पाणी नाहीसं झालं, असा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. कोयना धरणाची साठवण १०५ टीएमसी, म्हणजे साधारण तीन घन किलोमीटर. छत्तीस कोयना, सहा वर्षांत, बोअरवेलमधून. विहिरीत न उतरता हे कळलं, कारण तेवढं पाणी गेल्यावर वरून जाणारा उपग्रह किंचित कमी ओढला जात होता.

युरोपचा गोचे त्याहून खाली, सुमारे २५५ किलोमीटरवर उडाला. तिथे इंजिनाशिवाय टिकणं अशक्य. त्याने शेपटीला आयन इंजिन बांधलं होतं. हवा जेवढी मागे ढकलेल नेमकं तेवढंच ते पुढे ढकलायचं, क्षणोक्षणी. मग इंजिनाने किती जोर लावला याची नोंदवही हीच हवेच्या घनतेची नोंदवही झाली. २१ ऑक्टोबर २०१३ ला इंजिनाचं इंधन, म्हणजे झेनॉन वायू, संपलं. तीन आठवड्यांत, ११ नोव्हेंबरला, तो फॉकलंड बेटांजवळ जळून पडला.

जुन्या घसरणींचा सगळ्यात अनपेक्षित उपयोग हवामानबदलासाठी झाला. कार्बन डायऑक्साइड खाली उष्णता अडवतो, पण वरच्या विरळ हवेत तो उलट वागतो. तिथे तो उष्णता अवकाशात सोडून देतो. म्हणजे खाली तापायचं आणि वर थंड होऊन आकसायचं. १९८९ मध्ये रोबल आणि डिकिन्सन यांनी हे गणिताने सांगितलं होतं. तपासायचं कसं? चाळीस वर्षांपूर्वीची हवा कुणी बाटलीत भरून ठेवलेली नव्हती. पण जुन्या उपग्रहांच्या आणि रॉकेटच्या सांगाड्यांच्या कक्षा वह्यांत लिहिलेल्या होत्या. अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेतल्या जॉन एमर्ट आणि सहकाऱ्यांनी १९६६ ते २००१ पर्यंत फिरत राहिलेल्या २७ वस्तूंचे आकडे काढले. उंचीप्रमाणे दर दहा वर्षांना दोन ते पाच टक्के हवा विरळ होत होती. याचा एक दुष्परिणाम असा, की रोध कमी झाला तर वरचा कचराही जास्त काळ वर राहणार.

शेवटी एक गोळा, ज्याला हवा जवळजवळ लागतच नाही. १९७६ मध्ये गेलेला लेजिओस साठ सेंटिमीटरचा आणि चारशे किलोहून जड आहे, अंगावर ४२६ प्रिझम. जमिनीवरून लेसर मारायचा, परत आलेल्या प्रकाशाचा वेळ मोजायचा. ५९०० किलोमीटर उंचीवर तो शांतपणे फिरत राहावा अशी अपेक्षा होती. तो रोज १.१ मिलिमीटर खाली येतोय, असं निघालं. वर्षाला चाळीस सेंटिमीटर. कारणं शोधताना कळलं की त्यातला काही वाटा त्याच्या स्वतःच्या उबेचा आहे. पृथ्वीच्या उष्णतेने त्याची एक बाजू तापते, काच ती ऊब थोडा वेळ धरून ठेवते आणि मग सोडते. सोडताना लागणारा सूक्ष्म झटका त्याला मागे ओढतो.

लेजिओसच्या पोटात एक धातूची पट्टी आहे. तिच्यावर खंडांचे तीन नकाशे कोरलेत: फार जुना, आजचा आणि तो परत येईल तेव्हाचा. परत यायला लागणारा काळ काढलाय ८४ लाख वर्षं. आकडा अमेरिकेत काढलेला आहे, आपल्याकडच्या कुणी सुचवलेला नाही. पण चौऱ्याऐंशी लक्षांचा फेरा म्हटलं की आजी काय म्हणाली असती, ते मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.